कामाचा व्हिसा कठीण का होत चालला आहे? लखनौच्या उदाहरणावरून

जानेवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात लखनौच्या अलीगंज भागातील शासकीय आयटीआयमध्ये उत्तर प्रदेशच्या अनेक जिल्ह्यांतून हजारो कामगार आले होते. कोणी सेंटरिंगचे काम करणारे, कोणी सळई वाकवणारे, कोणी फरशी बसवणारे, तर कोणी गिलावा करणारे. इस्राएलमधील बांधकामांसाठी तिथे कौशल्य चाचणी चालू होती. जाहिरातीत पगार दरमहा सुमारे १ लाख ३७ हजार रुपये लिहिला होता. उत्तर प्रदेशातल्या गवंड्याला महिन्याचे तीसही दिवस काम मिळाले, तरी त्याची कमाई या आकड्याच्या जवळपास जात नाही. इस्राएलमध्ये युद्ध चालू आहे हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि तरीही रांग होती.

त्याच काळात वर्तमानपत्रांत वेगळ्या बातम्याही येत होत्या. ब्रिटनने पगाराची अट वाढवली, अमेरिकेच्या एच-१बी सोडतीत नाव लागणे अवघड झाले, सौदी अरेबियाने कामगारांच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. मग कामाचा व्हिसा मिळणे कठीण होत आहे की सोपे? या टिपणात आपण या प्रश्नाची फोड करणार आहोत. उत्तर थोडक्यात आधीच सांगतो: व्हिसा हा अर्जदाराच्या लायकीचा दाखला नसतो. यजमान देशाला या घडीला कोण हवे, किती काळासाठी हवे आणि कोणत्या अटींवर हवे, याचा तो हिशोब असतो. तो हिशोब बदलला की व्हिसा बदलतो. अर्जदार असतो तोच, तिथेच.

व्हिसा कोणाचा?

आधी एक साधी गोष्ट नीट समजून घ्या. पर्यटक म्हणून जाताना अर्ज तुम्ही करता. कामासाठी जाताना बहुतेक देशांत पहिला अर्ज मालक करतो. अमेरिकेत एच-१बीचा अर्ज कंपनी दाखल करते, ब्रिटनमध्ये परवानाधारक मालकाने प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय कामगाराला अर्जच करता येत नाही. आखातात जाणाऱ्या कामगारांच्या बोलण्यात ‘व्हिसा आला’ याचा अर्थ ‘नोकरी लागली’ असाच असतो, आणि तो अर्थ चुकीचा नाही. कामाचा व्हिसा माणसापेक्षा नोकरीला जास्त चिकटलेला असतो. नोकरी गेली की राहण्याचा हक्कही जातो. एच-१बीवर असलेल्याला नोकरी सुटल्यावर साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, व्हिसाचा प्रकार बदलून घ्यायचा किंवा देश सोडायचा. घर, मुलांची शाळा, कर्जाचे हप्ते, सगळे त्या ६० दिवसांत बसवायचे.

ही व्यवस्था फार जुनी नाही. क्लॉद मार्टिन हा फ्रेंच माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आणि अवधच्या नवाबाच्या सेवेत लखनौमध्ये गडगंज श्रीमंत झाला, १८०० मध्ये तिथेच वारला. त्याच्या मृत्युपत्रातून उभी राहिलेली ला मार्टिनिअर शाळा आजही चालू आहे. त्याला कोणी कामाचा परवाना विचारला नव्हता. पासपोर्ट आणि व्हिसाची सक्ती जगभर रुजली ती पहिल्या महायुद्धात. भारतात पासपोर्टविषयीचा कायदा १९२० मध्ये झाला.

मात्र मजुरांच्या बाबतीत नियंत्रण त्याच्याही आधीपासून होते. १८३४ पासून मॉरिशसला आणि पुढे त्रिनिदाद, फिजी अशा वसाहतींना करारबद्ध मजूर पाठवले गेले. फिजीला गेलेल्यांत बस्ती, गोंडा, फैजाबाद या अवधकडच्या जिल्ह्यांतले लोक मोठ्या संख्येने होते. मॉरिशसला मुंबई बंदरातून मराठी मजूरही गेले, त्यांचे वंशज आज तिथला मराठी समाज म्हणून ओळखले जातात. या मजुरांच्या रवानगीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ म्हणत. हेच पदनाम भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयात आजही वापरात आहे, त्याच्याकडे आपण पुढे येऊ. श्रीमंत साहसी माणसाला सीमा मोकळी आणि मजुराला कागद, हा भेद तेव्हाही होता.

परदेशी माणूस लखनौत काम करू शकतो का?

व्हिसाच्या चर्चेत आपण नेहमी अर्जदाराच्या बाजूने उभे असतो. थोडा वेळ दुसऱ्या बाजूला उभे राहू. समजा, एका परदेशी व्यक्तीला लखनौमधल्या कंपनीत नोकरी करायची आहे. तिला भारताचा रोजगार व्हिसा लागेल. त्यासाठी वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये पगार असावा अशी सर्वसाधारण अट आहे. ज्या कामासाठी पात्र भारतीय मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, किंवा जे काम नेहमीचे, कारकुनी स्वरूपाचे आहे, त्यासाठी हा व्हिसा दिला जात नाही. पगाराच्या अटीला काही अपवाद आहेत: आपापल्या देशाचे पदार्थ करणारे आचारी, इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणारे शिक्षक, दुभाषे. म्हणजे इटालियन आचाऱ्याला वाट आहे, इटालियन हिशेबनिसाला जवळपास नाही. मुदत मोठी असेल तर विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणीही करावी लागते, असे कार्यालय लखनौमध्ये आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे बाजूला होऊन त्यांच्या जागी इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आहे.

पगाराची किमान अट, स्थानिक माणूस उपलब्ध आहे का ही विचारणा, आणि ज्यांची खास गरज आहे त्यांना सूट. ही तीन हत्यारे लक्षात ठेवा. वॉशिंग्टन आणि लंडन हीच वापरतात, फक्त आकडे निराळे. आपल्याला ती तिकडे जाचक वाटतात आणि इकडे रास्त वाटतात, एवढेच.

आता त्याच लखनौमध्ये हॉटेलात, सुरक्षारक्षकाच्या कामावर किंवा बांधकामावर असलेला नेपाळी कामगार पाहा. त्याला यातले काहीच लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करारातील सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या प्रदेशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि ये-जा करण्याची मोकळीक दिली आहे. सोनौली किंवा रुपईडीहाची सीमा ओलांडून तो लखनौला येतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. तो इटालियन हिशेबनिसापेक्षा जास्त शिकलेला असतो म्हणून नव्हे. दोन देशांत तसा करार आहे म्हणून. व्हिसाच्या अडचणी ‘नैसर्गिक’ वाटू लागल्या की हे उदाहरण आठवावे.

नळ आवळण्याच्या पद्धती: एच-१बीचे उदाहरण

तुमच्यापैकी अनेकांना सर्वांत जवळचा वाटणारा व्हिसा म्हणजे अमेरिकेचा एच-१बी. त्याची कहाणी सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण एकाच व्हिसात नियंत्रणाच्या सगळ्या पद्धती एकामागून एक आलेल्या दिसतात.

पहिली पद्धत संख्येची. १९९० च्या कायद्याने वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घातली. संगणक क्षेत्राच्या तेजीत ती वाढवली गेली आणि २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत १ लाख ९५ हजारांवर पोचली. त्यानंतर ती पुन्हा ६५ हजारांवर आली आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा ठेवल्या गेल्या. विद्यापीठे आणि ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेबाहेर आहेत. बाकीच्यांसाठी ८५ हजार हा आकडा वीस वर्षांहून अधिक काळ हललेला नाही. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी साधारण ७० टक्के भारतीयांचे असतात, त्यामुळे या न हललेल्या आकड्याचा भार सर्वांत जास्त भारतीयांवर पडतो.

मागणी जास्त, जागा कमी, म्हणून सोडत. २०२४ या आर्थिक वर्षासाठी ७ लाख ५८ हजारांहून अधिक पात्र नोंदण्या झाल्या. त्यांतल्या ४ लाखांहून अधिक नोंदण्या अशा लोकांच्या होत्या, ज्यांची नावे एकाहून अधिक मालकांनी घातली होती. नोंदणीचे शुल्क तेव्हा अवघे १० डॉलर होते, त्यामुळे एकाच माणसाची अनेक तिकिटे काढणे काहींना परवडत होते. पुढच्या वर्षीपासून सोडत अर्जांची न होता माणसांची होऊ लागली आणि नंतर शुल्क २१५ डॉलर झाले. २०२६ या आर्थिक वर्षासाठी पात्र नोंदण्या ३ लाख ४३ हजार ९८१ वर आल्या आणि १ लाख २० हजार १४१ निवडल्या गेल्या, म्हणजे सुमारे ३५ टक्के. जागांपेक्षा जास्त नोंदण्या निवडतात, कारण निवड झालेले सगळेच पुढे अर्ज करत नाहीत.

दुसरी पद्धत किमतीची. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या घोषणापत्राने नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर भरण्याची अट घातली. तेव्हाच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये. ही अट २१ सप्टेंबरपासून, सुरुवातीला एका वर्षासाठी होती. महिनाभरानंतर आलेल्या खुलाशातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली: जो माणूस आधीच अमेरिकेत, उदाहरणार्थ विद्यार्थी व्हिसावर आहे आणि तिथेच आपला व्हिसा बदलून घेतो, त्याला ही रक्कम लागू नाही. याचा परिणाम नीट पाहा. पुण्यातल्या किंवा लखनौमधल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन थेट नोकरीवर जाणाऱ्याची वाट जवळपास बंद झाली. अमेरिकेतल्या विद्यापीठाचे शुल्क भरू शकणाऱ्याची वाट अरुंद झाली, पण उरली. दोघांच्या हुशारीत फरक असेलच असे नाही, पालकांच्या ऐपतीत मात्र आहे.

तिसरी पद्धत वजनाची. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने सोडतीतील समान संधीच बदलली. पगाराच्या चार पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या पातळीवरील उमेदवाराचे नाव सोडतीत चार वेळा आणि सर्वांत खालच्या पातळीवरील उमेदवाराचे एकदा घालायचे. अनुभवी, जास्त पगाराच्या माणसाला याने फायदा होतो. तोटा कोणाचा, हे तुम्हाला सांगायला नको: नुकत्याच पदवी घेतलेल्या, पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाचा.

चौथी पद्धत वेळेची, आणि माझ्या मते हीच सर्वांत कमी चर्चिली जाते. नियम तोच ठेवायचा, पण मुलाखतीची तारीख लांबवायची, कागदांची छाननी वाढवायची. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि त्यावरील कुटुंबीयांच्या अर्जांसाठी समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली. त्यापायी भारतातल्या वकिलातींमधील अनेक मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीसाठी घरी आलेले, नोकरी शाबूत असलेले लोक इथेच अडकून पडले. कायद्याच्या पुस्तकात या अडचणीची नोंद कुठेच सापडणार नाही.

ब्रिटनने मुख्यतः पगाराचे हत्यार वापरले. कुशल कामगारांच्या व्हिसासाठीची सर्वसाधारण पगारमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर नेली. वृद्धांची देखभाल करणाऱ्यांची कहाणी आणखी बोलकी आहे. महासाथीनंतर माणसे कमी पडली तेव्हा त्यांना व्हिसा दिले. मार्च २०२४ मध्ये त्यांना कुटुंब आणण्यास मनाई केली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून अशी नवी भरतीच थांबवली. म्हाताऱ्यांची संख्या या काळात काही कमी झाली नव्हती. बदलले ते राजकारण.

एकीकडे बंद, एकीकडे उघडे

आता पुन्हा अलीगंजच्या रांगेकडे येऊ. इस्राएलला अचानक इतके गवंडी का लागले? ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यापूर्वी एक लाखाहून अधिक पॅलेस्टिनी कामगार परवान्यावर इस्राएलमध्ये कामाला जात होते. त्यांतले बरेचसे बांधकामावर होते. हल्ल्यानंतर जवळपास सगळ्यांचे परवाने थांबवले गेले आणि बांधकामे खोळंबली. भारताशी मे २०२३ मध्येच ४२ हजार कामगारांबद्दल बोलणे झाले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तात्पुरत्या रोजगाराचा करार झाला आणि भरतीला वेग आला. लखनौमधल्या कामगाराला उघडलेले दार हे दुसऱ्या कोणासाठी तरी बंद झालेले दार होते. जेनिनच्या गवंड्याचे कौशल्य ऑक्टोबरमध्ये कमी झाले नव्हते आणि उत्तर प्रदेशच्या गवंड्याचे जानेवारीत वाढले नव्हते.

राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाने दिलेल्या आकड्यांनुसार उत्तर प्रदेश, हरियाणा आणि तेलंगणात झालेल्या पहिल्या फेरीत १६,८३२ जणांनी चाचणी दिली आणि १०,३४९ निवडले गेले. म्हणजे सुमारे ६१ टक्के. वरच्या एच-१बीच्या ३५ टक्क्यांशी हा आकडा ताडून पाहा. अभियंत्यापेक्षा गवंड्याला दार जास्त उघडे होते, आणि त्याची निवड चिठ्ठीवर न होता प्रत्यक्ष काम पाहून झाली. पण निवड म्हणजे विमानाचे तिकीट नव्हे. पहिली साठेक जणांची तुकडी निघाली ती २ एप्रिल २०२४ रोजी. बाकीचे अनेक जण महिनोन्‌महिने निरोपाची वाट पाहत राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये भरतीची पुढची फेरी महाराष्ट्रात घेण्यात आली.

या व्हिसाच्या अटीही वाचाव्यात. बांधकामावरील परदेशी कामगार इस्राएलमध्ये जास्तीत जास्त ६३ महिने राहू शकतो. बायकामुलांना नेता येत नाही. कायमचे नागरिकत्व मिळण्याची वाट नाही. देशाला हात हवे आहेत, रहिवासी नको आहेत, हे यातून स्वच्छ दिसते. एच-१बीवर निदान कुटुंब नेता येते आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहता येते, ती रांग भारतीयांसाठी कितीही लांब असली तरी. भारतातल्या केंद्रीय कामगार संघटनांनी या भरतीला विरोध केला तो दोन कारणांनी: युद्धक्षेत्रात माणसे पाठवणे, आणि संप किंवा बहिष्काराच्या वेळी दुसरे कामगार पुरवावेत तशी आपली भूमिका होणे. सरकारचे म्हणणे असे की इस्राएलचे कामगार कायदे कडक आहेत आणि तिथे जाणाऱ्यांचे हक्क सुरक्षित आहेत. ४ मार्च २०२४ रोजी उत्तर इस्राएलमध्ये क्षेपणास्त्राच्या माऱ्यात शेतावर काम करणारा एक भारतीय ठार झाला आणि दोघे जखमी झाले. तरीही पुढच्या फेऱ्यांना गर्दी कमी झाली नाही. कामगारांना धोका कळत नव्हता असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांनी दोन्ही बाजू तोलल्या होत्या. घरची बाजू जड होती.

उघडणाऱ्या दारांत जर्मनीचाही उल्लेख करायला हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे ठरवले. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला होता. इथली अडचण पगाराची नाही, भाषेची आहे. परिचारिकेला किंवा इलेक्ट्रिशियनला कामापुरते जर्मन यायला बरेच महिने द्यावे लागतात, आणि त्या महिन्यांत घर कोणी चालवायचे हा प्रश्न करारात सुटत नाही.

दार अरुंद झाले की दलालाचा भाव वाढतो

भारताने आपल्या बाजूने काय केले आहे? उत्प्रवास कायदा, १९८३ नुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘ईसीआर’ अशी नोंद असते. अशा व्यक्तीला आखाती देश, मलेशिया, इराक, जॉर्डन अशा १८ देशांत कामाला जाण्यापूर्वी वर सांगितलेल्या प्रोटेक्टरकडून मंजुरी घ्यावी लागते. आता ती ई-मायग्रेट या संकेतस्थळावरून मिळते. अलीकडच्या वर्षांत ही मंजुरी घेणाऱ्यांत उत्तर प्रदेशचे कामगार सर्वांत जास्त आहेत. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. इस्राएल या १८ देशांत नाही, त्यामुळे तिथे जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. संघटनांच्या आक्षेपांत हाही एक मुद्दा होता.

कागदावरचे ३० हजार आणि गावात प्रत्यक्ष मागितली जाणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. कायदेशीर वाट जितकी अवघड, तितका ‘माझी ओळख आहे’ म्हणणाऱ्याचा भाव जास्त. हा माणूस बहुतेक वेळा पर्यटक व्हिसा काढून देतो आणि ‘तिकडे गेल्यावर बदलून घेऊ’ असे सांगतो. तो व्हिसा बदलत नाही. २०२३-२४ मध्ये मदतनीस, सुरक्षारक्षक अशा नोकऱ्यांच्या आमिषाने रशियाला नेलेले काही भारतीय तरुण थेट युक्रेनच्या आघाडीवर पोचले. त्यांत उत्तर प्रदेशच्या आझमगड-मऊ भागातलेही होते, काही परत आलेच नाहीत. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने या प्रकरणी एजंटांवर गुन्हा नोंदवला. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांत हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे लोक सर्वाधिक होते. तीन जण महाराष्ट्रातले आणि तीन उत्तर प्रदेशातले होते.

म्हणून कोणताही कामाचा व्हिसा समोर आला की त्याचे नाव किंवा देश पाहून थांबू नका. अर्ज कोणाच्या नावाने आहे, नोकरी बदलता येते का, सुटल्यास किती दिवस मिळतात, कुटुंब नेता येते का, आणि पैसे कोण कोणाला देतो आहे, हे शोधा. पैसे मालकाऐवजी कामगार देत असेल आणि पावती मिळत नसेल, तर पुढचे वाचण्याची गरज नाही. एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर दोन मिनिटांत तपासता येतो.

विचारासाठी

भारताच्या रोजगार व्हिसातील किमान पगाराची अट आणि ब्रिटनची पगारमर्यादा यांची तुलना करा. दोन्हींमागचा हेतू एकच आहे असे म्हणता येईल का?

एच-१बीची वजनदार सोडत तुम्हाला जुन्या सोडतीपेक्षा अधिक न्याय्य वाटते का? उत्तर देताना मालक, अनुभवी अभियंता आणि नुकताच पदवीधर झालेला विद्यार्थी यांच्या बाजू वेगवेगळ्या मांडा.

तुमच्या गावातून किंवा मोहल्ल्यातून परदेशी कामाला गेलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. व्हिसासाठी एकूण किती महिने आणि किती रुपये लागले, आणि त्यांतले किती पावतीवर होते, याची नोंद करा. नाव लिहू नका.